मधाचे अत्तर मेणातून: महाबळेश्वर तालुक्यातल्या एका बचत गटाचे प्रकरण

पहिली कुपी माझ्याकडे आली ती २०२३ च्या एप्रिलमध्ये. सहा मिलिलिटरची साधी काचेची कुपी. वर चंदनाच्या तेलाचा फिकट थर, तळाशी मधाचा तपकिरी थर, आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ. बूच फिरवले तर त्याच्या आट्यांमध्ये तीन मुंग्या चिकटून मेलेल्या. सोबत वहीच्या कागदावर चिठ्ठी होती: "ताई, वास धरत नाही आणि मुंग्या लागतात. काय चुकतंय ते सांगा."

चिठ्ठी पाठवणाऱ्या बाई महाबळेश्वर तालुक्यातल्या एका गावच्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. गावात लहानथोर त्यांना आक्का म्हणतात. पुढे मीही तेच म्हणू लागले. मी पुण्यात लहान प्रमाणावर अत्तरे करते आणि कोणी विचारले तर सल्लाही देते. हे काम मी सल्ला म्हणून घेतले आणि सव्वा वर्ष त्यातच गुंतले. ते सगळे इथे क्रमाने लिहिते आहे, कारण मधाचे अत्तर करायला निघालेली माणसे मला त्यानंतरही भेटली आणि प्रत्येकाची सुरुवात त्याच कुपीपासून होते.

गट आणि त्यांची गरज

गटात अकरा बायका, आणि सगळ्यांच्या मिळून साठेक मधपेट्या. माशी सातेरी, म्हणजे आपल्या डोंगरातली, पेटीत राहणारी देशी माशी. जांभूळ, हिरडा, गेळा फुलला की उन्हाळ्यात मध निघतो, आणि ज्या वर्षी कारवी फुलते त्या वर्षी पावसाळ्यानंतरही निघतो. तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतही पर्यटक मधाची चौकशी करत येऊ लागले. पण मधाची बाटली रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात मिळते. गटाला स्वतःची म्हणून एक वस्तू हवी होती.

अत्तराची कल्पना आक्कांच्या सुनेची. प्राचीन इजिप्तमध्ये सुगंधात मध घालत, असे तिने मोबाइलवर वाचले होते. ते खरेच आहे आणि त्याकडे मी पुढे येणार आहे, कारण या प्रकरणातली अर्धी वाट तिथूनच निघाली. गटाने बाजारातून चंदनाचे तेल आणले, त्यात आपला मध घातला, हलवला, आणि शंभर कुप्या भरल्या. पहिल्याच आठवड्यात कुप्या परत येऊ लागल्या.

आक्कांशी फोनवर बोलताना मी पहिला प्रश्न विचारला, "आक्का, तुम्हाला नेमका कुठला वास हवाय? बाटलीतल्या मधाचा, की दुसरा कुठला?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चैताच्या उन्हात पेटीचं झाकण उचललं की जो भपकारा येतो ना ताई, तो."

उत्तर त्या दिवशीच मिळाले होते. मला ते कळायला चार महिने लागले, याची मला आजही चुटपुट आहे.

मध कुपीत का राहत नाही

मधात साधारण चार पंचमांश साखर असते आणि १७ ते २० टक्के पाणी. भारतीय अन्नमानकांत पाण्याची कमाल मर्यादा २० टक्के आहे. साखरेत मोठा वाटा फ्रुक्टोज आणि ग्लुकोज यांचा. आपल्याला जो 'मधाचा वास' वाटतो तो फिनाइल अ‍ॅसिटाल्डिहाइड, फिनाइल अ‍ॅसिटिक आम्ल, बेन्झाल्डिहाइड, डॅमॅसिनोन असल्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो, आणि ती किलोमागे मिलिग्रॅमांत मोजावी इतकी थोडी असतात. म्हणजे अत्तरवाल्याच्या दृष्टीने मध ही वासाचा नावापुरता हात लागलेली साखर आहे. जिभेवर तो इतका भरून राहतो की नाकालाही तेवढेच मिळत असेल, असे आपण धरून चालतो. डोळे मिटून, न चाखता, नुसता हुंगून पाहिला तर तो किती हळू बोलतो ते कळते.

तेलात साखर आणि पाणी विरघळत नाही. त्यामुळे चंदनाच्या तेलात, खोबरेल तेलात किंवा आणखी कशात मध कितीही घुसळला तरी तो खाली बसणारच. त्याची घनता पाण्याच्या जवळपास १.४ पट, तेलाची पाण्याहूनही कमी. वरच्या तेलात वासही फारसा उतरत नाही. उरते ती तळाशी बसलेली साखर आणि तिच्या मागावर आलेल्या मुंग्या. गटाने काही चुकीचे मिसळले नव्हते. ती जोडीच जमणारी नव्हती.

हे मी आक्कांना लिहून कळवले. त्यांनी उलट विचारले, "मग लोक अत्तराला मधाचा वास आणतात तो कशानं?" प्रश्न अगदी रास्त होता.

चार महिन्यांच्या खटपटी

पहिला प्रयत्न अल्कोहोलचा. १०० ग्रॅम जांभळाचा मध आणि ५०० मिलिलिटर ९६ टक्क्यांचे इथाइल अल्कोहोल, तीन आठवडे अंधारात, रोज एकदा हलवून. तळाशी घट्ट पाक बसला, वरचे अल्कोहोल सोनेरी झाले. गाळून कागदाच्या पट्टीवर घेतले तर वास होता: हलका, गोडसर, किंचित फळासारखा. मला आनंद झाला. पण हातावर लावून पाच मिनिटांनी पाहिले तर वास गेला होता आणि चिकटपणा मागे राहिला होता.

याचे कारण फ्रुक्टोज. ग्लुकोज अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही, फ्रुक्टोज मात्र त्यापेक्षा बरेच विरघळते, आणि मधातले पाणी त्याला आणखी हात देते. अल्कोहोल उडाले की ही साखर कातडीवर राहते आणि हवेतली ओल ओढून घेते. काचपट्टीवर एक थेंब सुकवून बोट लावले की लगेच कळते. मी दोन फवारणीच्या बाटल्याही भरल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात दोन्हींच्या तोट्या बुजल्या.

मधाचा असा अर्क नैसर्गिक अत्तरे करणारे काही जण वापरतात आणि मी त्याला वाईट म्हणत नाही. मोठ्या मिश्रणात तो कडा गोल करतो. पण एकट्याने कुपी उभी करायची ताकद त्यात नाही.

शिवाय अल्कोहोलचा मुद्दा गटात निघणारच होता. गावात माळकरी घरे बरीच. आक्का स्वतः माळकरी. अत्तर देवालाही लावले जाते, मग त्यात 'स्पिरिट' कसे चालेल, असे दोघींनी मला स्पष्ट विचारले. बाटली तेलाच्या पायावरचीच हवी, हे तेव्हा ठरले.

दुसरा प्रयत्न भट्टीचा. उत्तर प्रदेशातल्या कनौजला देग-भपक्यात, म्हणजे हंडा आणि वाफ थंड करायच्या भांड्यात, फुलांचे अत्तर काढतात तसे मधाचे पाणी करून वाफ काढता येईल का, असे गटातल्या एकीने सुचवले. मला शंका होती, तरी करून पाहिले. मधाची साखर उष्णतेने बदलते, साखर तापली की तयार होणारे एचएमएफ हे द्रव्य वाढते, तळ लागतो. निघालेल्या पाण्याला काकवीचा वास होता. काकवी मला आवडते, पण ते मोहोळ नव्हते. एका दिवसात थांबलो.

तिसरा प्रयत्न म्हणजे बाजारात 'हनी' नावाने मिळणारे तयार मिश्रण. ते मी गटाच्या आग्रहाखातर आणले, विक्रेत्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. कागदावर पहिला वास झकास. तासाभराने खोलीत तबेला उभा राहिला. हे त्या एका मिश्रणाचे पाप नव्हे. मधाच्या वासातला मुख्य धागा म्हणजे फिनाइल अ‍ॅसिटिक आम्ल. अगदी विरळ असताना ते मधासारखे, फुलासारखे वाटते. मात्रा वाढली की त्यात जनावराचा, मुताचा वास पुढे येतो. माणसागणिक नाकही बदलते. सर्ज ल्यूतां या फ्रेंच अत्तरवाल्यांकडून २००५ मध्ये 'मिएल द ब्वा' हे क्रिस्टोफर शेल्ड्रेक यांनी रचलेले मधाचे अत्तर आले तेव्हा याच गोष्टीवरून लोकांत दोन तट पडले: काहींना ते सोन्यासारखे वाटले, काहींना सहनच होईना. गटातही तसेच झाले. अकराजणींपैकी चौघींना ते मिश्रण आवडले, बाकीच्यांनी पदर नाकाला लावला. (फिनाइल अ‍ॅसिटिक आम्ल सुटे विकत घेऊन कोणी प्रयोग करू नये हेही सांगते. मादक द्रव्ये बनवण्यात त्याचा वापर होत असल्याने त्याच्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे.)

झाकण उचलल्यावरचा वास

ऑगस्टमध्ये मी गावी गेले. धुके इतके की दहा पावलांवरचे घर दिसत नव्हते. पेट्या उघडायचा हा काळच नव्हे, पण आक्कांनी पडवीतल्या पत्र्याच्या डब्यातून जुन्या पोळ्यांचे तुकडे काढून दाखवले. मेणकिडा लागू नये म्हणून चौकटीतून कापून काढलेली पोळी होती ती. डब्याचे झाकण निघाले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. वाळलेले गवत, कोमट मध, तंबाखूचे पान, जुनी फुले. चैत्रातली पेटी भर पावसात पडवीत उघडल्यासारखी वाटली.

"हाच," आक्का म्हणाल्या.

मेण माशी स्वतःच्या पोटाखालच्या ग्रंथींतून काढते. अगदी ताजे मेण पांढरे असते आणि त्याला वास जवळजवळ नसतो. पोळे बांधून झाले की त्यात मध भरतो, परागाची भाकरी, म्हणजे मधात मुरवलेले पराग, साठते, पिलावा, म्हणजे माश्यांची अंडी-अळ्या, वाढतो, हजारो माश्यांची ऊब लागते. मेण हा स्निग्ध पदार्थ. तो या सगळ्यांतले वास धरून ठेवतो, जसे तूप फोडणीचा वास धरते.

इथे मला आपल्याकडचीच एक जुनी गोष्ट आठवली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात गंधशास्त्रावरच्या एका दुर्मीळ संस्कृत हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या 'गंधवाद' या भागावर जुन्या मराठीत टीका लिहिलेली आहे. त्याच हस्तलिखितातल्या गंगाधराच्या 'गंधसारा'त सुगंध सिद्ध करण्याची सहा कर्मे सांगितली आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. शेवटचे वासन म्हणजे एखादे द्रव्य फुलांच्या सहवासात ठेवून त्याला वास लावणे. पेटीतल्या मेणाचे हेच होते. माणसाने हात लावण्याआधी माश्यांनी त्याचे वासन करून ठेवलेले असते. मध त्या कामातला एक साहाय्यक आहे, आणि आम्ही चार महिने साहाय्यकाच्याच मागे धावत होतो.

फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावी मेणापासून अर्क काढण्याची पद्धत फार आधीपासून आहे. मेण अल्कोहोलमध्ये मुरवायचे, थंड करून मेणाचा भाग खाली बसवायचा, गाळायचे, अल्कोहोल उडवायचे. उरते ती पिवळसर तपकिरी, लोण्यासारखी घट्ट वस्तू. तिला मेणाचे अ‍ॅबसोल्यूट म्हणतात. उतारा शेकडा एकाहूनही कमी. बाजारात ती मिळते, पण ती आणून गटाच्या कुपीत घालण्यात अर्थ नव्हता. कुपीत त्यांच्या पेटीचा वास हवा होता.

कुठले मेण

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले.

मेणाच्या व्यापारात सगळ्यात भाव खाते ते मधाच्या घरांवरच्या झाकण्यांचे फिकट, स्वच्छ मेण. मेणबत्तीला आणि मलमाला ते उत्तम. वासाला मात्र ते दुबळे, कारण ते नवे असते. दुसऱ्या टोकाला पिलाव्याची काळी पडलेली पोळी. त्यांत अळ्यांच्या कोशांची आणि विष्ठेची पुटे चढलेली असतात. अर्क गडद निघतो आणि त्याला ओल्या चामड्यासारखा दर्प येतो. आम्हाला हवी होती मधली: एक-दोन हंगाम मध साठवलेली, रंगाने गुळासारखी, पिलाव्याचा संबंध कमीत कमी आलेली. ती ओळखायला आक्कांना माझी गरज नव्हती. त्या तुकडा उजेडाकडे धरत आणि बाजूला टाकत. मी हुंगून जे ठरवी ते त्या बघून ठरवत, आणि दहांतल्या नऊ वेळा आमचे जुळे.

अडचण एवढीच की असे मेण फार थोडे. मधयंत्रात फिरवून मध काढला की पोळे परत पेटीत जाते; माशीला ते नव्याने बांधावे लागू नये हाच तर पेटीचा फायदा. पोळी कापून विकायला लागलो तर मधच कमी होईल. म्हणून नियम केला: जी पोळी वयाने किंवा किड्याच्या भीतीने काढायचीच आहेत तेवढीच घ्यायची. पहिल्या वर्षी साठ पेट्यांमागे वितळवून, गाळून हाती आले १ किलो ४०० ग्रॅम.

कमी पडते म्हणून मी बाहेरून दोन किलो मेण मागवले. ती माझी चूक. ढेप सुरेख पिवळी होती, पण अर्काला वास म्हणून काही आला नाही. संशय आला म्हणून जुनी साधी परीक्षा केली. निम्मे अल्कोहोल, निम्मे पाणी अशा मिश्रणाची घनता सुमारे ०.९३ असते. मधमाशीचे मेण त्यात बुडते, कारण त्याची घनता ०.९५ च्या वर; पॅराफिन तरंगते. आमचा तुकडा तरंगला. तरंगायला निम्म्याहून जास्त पॅराफिन लागते, थोडी भेसळ या परीक्षेत सापडत नाही. म्हणजे इथे भेसळ थोडी नव्हती. तुकड्यात हवेचा बुडबुडा राहिला तरी फसगत होते, म्हणून मी तो वितळवून, पुन्हा गोठवून तीनदा पाहिले. पैसे गेले. त्यानंतर बाहेरचे मेण घ्यायचे नाही असे ठरले आणि ते बरेच झाले.

सातेरीच्या मेणाचा आणखी एक गुण. परदेशी मेलिफेरा माशीच्या पेट्यांत व्हरोआ नावाच्या गोचिडीसारख्या किड्यावर औषधे वापरतात. ती औषधे स्निग्धात विरघळणारी असल्याने मेणात साठत जातात, आणि मेणाचा अर्क काढला की त्यात येऊ शकतात. सातेरी या किड्याला बरीचशी स्वतःच आवरते. गटाने पेट्यांत कधी औषध घातले नव्हते. कातडीवर लावायच्या वस्तूसाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटली.

अर्क मी पुण्यात एका ओळखीच्या प्रयोगशाळेत काढला. किसलेले मेण, बंद चंबू, ४५ ते ५० अंश तापमान, विजेच्या शेगडीवर पाण्याचे भांडे. जवळपास आग नाही. त्याच मेणावर तीनदा नवे अल्कोहोल. रात्रभर उणे १५ अंशात ठेवून थंडच गाळले, मग कमी दाबाखाली अल्कोहोल उडवले. हे स्वयंपाकघरात करायचे काम नाही. कोमट अल्कोहोलची वाफ लांबच्या ठिणगीनेही पेटते.

१ किलो ४०० ग्रॅम मेणातून ८ ग्रॅम अर्क निघाला.

आक्कांना फोनवर आकडा सांगितला तेव्हा त्यांना वाटले मी किलो म्हणायचे विसरले.

कुपीत काय गेले

नुसता अर्क लावला तर तो जड, बुटका वाटतो. वर उठत नाही. त्याला उचलणारे फूल हवे. मी चाफा घेऊन पाहिला, केवडा घेऊन पाहिला. दोन्ही पुढे धावले आणि मेण मागे पडले. शेवटी बकुळ. बकुळीच्या फुलात मुळातच मधाचा धागा आहे, आणि वाळल्यावरही तो टिकतो, म्हणून तर आपल्या आज्या कपाटात गजरे ठेवत. कोकणात-गोव्यात ज्याला ओवळ म्हणतात ते हेच फूल. कनौजला मौलसिरी नावाने त्याचे अत्तर मिळते. चंदनाच्या पायावर मौलसिरी थोडी आणि मेणाचा अर्क २ टक्के, असे प्रमाण बसले.

थंडीत पहिला घाणा ढगाळला. अर्कात राहून गेलेले मेणाचे अंश महाबळेश्वरच्या डिसेंबरात गोठले. मिश्रण आठ दिवस शीतपेटीत ठेवून पुन्हा गाळल्यावर ते नितळ राहिले. २ टक्क्यांनी ८ ग्रॅमचे ४०० ग्रॅम अत्तर झाले. तीन मिलिलिटरच्या कुप्या, गळती-सांड वजा जाता, १३५.

माळकरी बायकांना मी सांगितले की अर्क काढताना अल्कोहोल वापरले आहे आणि ते उडवून टाकले आहे, कुपीत ते घटक म्हणून नाही. लपवून ठेवावे असे मला वाटले नाही. दोघींनी देवासाठी ते न वापरायचे ठरवले, स्वतःसाठी वापरायला त्यांची हरकत नव्हती. आणखी एक सूचना प्रत्येक कुपीसोबत गेली: मेणातल्या द्रव्यांची काहींना अ‍ॅलर्जी असते, म्हणून आधी कोपराच्या आत थेंब लावून एक दिवस थांबावे. विक्रीपूर्वी अन्न व औषध प्रशासनाकडच्या सौंदर्यप्रसाधन परवान्याचे काम होते. ते एका परवानाधारक उत्पादकाकडे भरून घेऊन सोडवले. त्यात तीन महिने गेले, सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही.

मधाचे काय झाले

सुनेने वाचलेली इजिप्तची गोष्ट मी विसरले नव्हते. किफी नावाचा तो सुगंध. प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने त्यातली सोळा द्रव्ये दिली आहेत आणि त्यांत मध, मद्य, मनुका, राळ, वेलची ही नावे येतात. पण किफी जाळायचा असे. तो धूप होता, कुपीतले अत्तर नव्हे. जपानमध्येही नेरिको म्हणून मळलेले धूप मधात बांधतात. आपल्याकडे दक्षिणेत उदबत्त्यांसाठी हलमड्डी नावाचा झाडाचा चीक मधाबरोबर मळतात. त्याने बत्ती ओलसर आणि मऊ राहते. म्हणजे सुगंधाच्या धंद्यात मधाची जागा फार जुनी आणि पक्की आहे, ती धुराच्या बाजूला. तिथे त्याची साखर शत्रू नसते: ती पूड बांधते, ओल धरते, जळताना स्वतःचा खरपूस वास देते.

मग गटाने धूप केला. नागरमोथा, राळ, चंदनाचा भुसा, वाळलेली बकुळ, आणि बांधायला मध. गाळलेल्या मेणाच्या तळाशी राहणारा चोथाही थोडा त्यात गेला. पहिली खेप जूनमध्ये केली हे चुकले. ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात मधाचा धूप वाळेल कसा? वड्या आठ दिवसांत चिखल झाल्या. पुढची खेप मध निम्म्यावर आणून मार्गशीर्षात केली. ती उत्तम वाळली, आणि आज गटाच्या उत्पन्नात अत्तरापेक्षा धुपाचाच वाटा मोठा आहे.

नावाचा वाद

शेवटचा गुंता नावाचा. ज्या हॉटेलाच्या दुकानात माल ठेवायचा होता त्यांना लेबलावर 'शुद्ध मधाचे अत्तर' हवे होते. गटातल्या बऱ्याचजणींनाही तेच हवे होते, कारण विचारणारा प्रत्येक जण मधच विचारतो. मी नको म्हटले. कुपीत मध नाही. मधाच्या पेटीतला वास आहे, पण मध नाही, आणि गावाचे नाव ज्या मधावर चालते त्याच्या शुद्धतेबद्दल लोक आधीच शंका घेत असताना आपणच खोटे कशाला लिहायचे? बैठक दोन तास चालली. मी बाहेरची, मत देण्यापलीकडे माझा अधिकार नव्हता.

आक्का शेवटी बोलल्या. "मुंग्यांच्या वेळी लोकांनी कुप्या परत आणल्या, तेव्हा मला मान खाली घालावी लागली. आता कोणी विचारलं तर मला सगळं सांगता आलं पाहिजे."

लेबलावर 'मोहोळ' असे नाव आले आणि खाली बारीक अक्षरांत: मधमाशीच्या मेणाचा अर्क, बकुळ, चंदन. हॉटेलाने माल घेतला नाही. कुप्या गटाच्या घरूनच विकल्या जातात. आक्कांची सून येणाऱ्याला आधी डब्यातला पोळ्याचा तुकडा हुंगायला देते, मग कुपी उघडते. पहिल्या १३५ कुप्या पाच महिन्यांत संपल्या. धुपाच्या पाकिटावर मात्र 'मध' हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. तिथे तो खरा आहे.

अर्क काढून उरलेल्या मेणाचे मेणपत्रे, म्हणजे माशीला पोळे बांधायला आधार म्हणून द्यायचे पातळ पत्रे, करून परत पेट्यांना द्यावेत असा विचार होता, पण अल्कोहोलमध्ये मुरलेल्या मेणाला माशी नीट धरील की नाही याची आक्कांना शंका होती आणि त्यांनी पेट्यांवर प्रयोग करू दिला नाही. त्याच्या मेणबत्त्या केल्या. वास नसल्यामुळे त्या बायकांना आवडत नाहीत.

२०२४ च्या उन्हाळ्यापासून पोळ्यांचे डबे हंगामाप्रमाणे वेगळे केले आहेत. हिरड्याच्या दिवसांतल्या पोळ्यांना कोरडा, तुरट वास आहे. जांभळाच्या दिवसांतल्या पोळ्यांना गर्द, मनुकेसारखा. तो जांभळाचा वेगळा अर्क काढावा असे मला फार वाटते. त्या डब्यात सध्या २१० ग्रॅम मेण आहे. एवढ्यातून ग्रॅम-सव्वा ग्रॅम निघेल. आक्का म्हणाल्या, अजून एक चैत्र जाऊ दे.